सांपडलेलें परत ठेवतांना

लपंडावाचा खेळ लहानपणीं सर्वांनींच खेळलेला असतो. त्यांत लपलेला गडी सांपडला कीं शोधणाऱ्याचें काम संपतें. गडी आपल्या पायांनीं अंगणांत येतो आणि पुढचें राज्य कोणावर ह्याचा तंटा सुरू होतो. परंतु ज्या खेळांत लपणारा गडी म्हणजे एक मुकी डबी असते, त्या खेळांत ती हातीं लागल्यावरही शोधणाऱ्याचें बरेंच काम शिल्लक राहतें. डबी आपण होऊन पुन्हा लपूं शकत नाहीं. तिला कोणी तरी लपवावी लागते, आणि तीही जशी होती तशीच. असा एक खेळ गेलीं पंचवीस वर्षें जगभर चालूं आहे. त्याचें नांव जिओकॅशिंग.

ह्या नांवांतील ‘जिओ’ हें ग्रीक भाषेंतील पृथ्वीवाचक पद होय. ‘कॅश’ ह्या शब्दानें मात्र कोणाचा गैरसमज होऊं नये. तिजोरींतल्या रोकडीशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. लपविणें ह्या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून तो निघाला असून, अमेरिकेच्या अरण्यांत हिंडणारे शिकारी व व्यापारी परतीच्या वाटेसाठीं शिधासामुग्रीचा जो सांठा वाटेंत दडवून ठेवीत, त्याला तो लावीत असत. म्हणजे पुढें कोणाला तरी उपयोगी पडावी म्हणून आज दडविलेली वस्तु, हा अर्थ त्या शब्दांत पहिल्यापासूनच आहे.

ह्या खेळाची जन्मतिथि बिनचूक सांगतां येते. फार थोड्या खेळांच्या वांट्यास हें भाग्य आलें असेल. आपण पृथ्वीवर नेमके कोठें उभे आहों हें उपग्रहांच्या साहाय्यानें सांगणारीं यंत्रें पूर्वींपासून होतीं. परंतु अमेरिकेच्या उपग्रहांकडून सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतांत लष्करी सावधगिरी म्हणून मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि तिच्यामुळें शंभर मीटरपर्यंत घोटाळा होई. १ मे २००० रोजीं अध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं ही चूक काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला, आणि एका रात्रींत सामान्य माणसाच्या हातांतील यंत्र खरें बोलूं लागलें. त्याची परीक्षा पाहावी म्हणून ३ मे रोजीं ऑरेगन राज्यांतील बीव्हरक्रीक गांवाजवळ डेव्ह अल्मर नांवाच्या गृहस्थांनीं एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट जमिनींत पुरली. तींत कांहीं पुस्तकें, थोडे पैसे, घेवड्याच्या दाण्यांचा हवाबंद डबा, एक गलोल, आणि वही व पेन्सिल ठेवली, व त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरून प्रसिद्ध केले. तीन दिवसांत ती बादली दोघांना सांपडली, आणि त्यांपैकीं माइक टीग ह्यांनीं आपल्या शोधाची नोंद केली. अल्मर ह्यांची अट एवढीच होती कीं, येणाऱ्यानें आंतलें कांहीं घ्यावें, आपलें कांहीं ठेवावें आणि वहींत लिहावें. बादली जागेवर ठेवा, हें बजावण्याचें कारण त्यांना पडलें नसावें. अर्धवट पुरलेली बादली कोण हलविणार? पुढें जमीन खणून डबा पुरण्यास साधारणपणें मनाई झाली, डबे दगडांखालीं व ढोलींत आले, लहान लहान होत गेले, आणि मग परत ठेवण्याचा प्रश्न खरोखर उभा राहिला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ह्या खेळाचें संकेतस्थळ निघालें तेव्हां त्यावर पाऊणशेंच्या सुमारास डब्यांची नोंद होती. आज जगांत तीस लाखांहून अधिक डब्या लपलेल्या आहेत.

खेळ नवा असला तरी त्यांतली रीत नवी नाहीं. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचें एक विस्तीर्ण, ओसाड माळरान आहे. त्याच्या उत्तर भागांत क्रॅनमियर पूल नांवाची एक दलदलीची जागा असून पूर्वीं तेथें पोंचणें हें मोठ्या दमाचें काम समजलें जाई. १८५४ सालीं चॅगफर्ड गांवच्या जेम्स पेरट ह्या वाटाड्यानें तेथें दगडांच्या राशींत एक बाटली ठेवली. एवढ्या दूर चालून आलेल्यानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें. पुढें बाटलीच्या जागीं पेटी आली, वही आली, रबराचा शिक्का आला, आणि एक गोड प्रघातही पडला. येणाऱ्यानें स्वतःचा पत्ता लिहिलेलें टपालकार्ड पेटींत ठेवावें, आधीं आलेल्याचें कार्ड बरोबर न्यावें आणि आपल्या गांवीं जाऊन तें टपालांत टाकावें. म्हणजे आपलें पत्र आपल्या घरीं पोंचणें हें पुढें कधीं तरी येणाऱ्या अनोळखी माणसावर अवलंबून! पेटी त्यानें उघडी टाकली, पावसांत भिजूं दिली किंवा दुसरीकडे ठेवली, तर मागच्याचें पत्र तर गेलेंच, पण पुढच्याचा शोधही व्यर्थ गेला. डार्टमूरवर अशा पेट्या शोधण्याचा छंद आजही चालूं आहे. माळावर पहारा कोण करणार? तेथें पेटी टिकते ती केवळ येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांवर.

आतां जागेविषयीं. आपल्याकडे वाड्याच्या किल्लीची एक दिवळी ठरलेली असे. घरांतलें कोणींही केव्हांही आलें तरी अंधारांत हात घालून किल्ली घेई. एखाद्या दिवशीं कोणी ती ‘जास्त सुरक्षित’ म्हणून फळीवरच्या तांब्यांत ठेवली, म्हणजे दुपारभर सगळें घर ओटीवर ताटकळे. डबीचें तसेंच आहे. फरक एवढाच कीं, येथें ओटीवर ताटकळणारा माणूस ठेवणाऱ्याला कधींच दिसत नाहीं.

थोडें गणित सांगितल्यावांचून ह्यांतली अडचण पुरती ध्यानांत यावयाची नाहीं. डबीच्या ठिकाणाचे आंकडे अंश व कला ह्यांत देतात, आणि कलेचे दशांश तीन स्थळांपर्यंत देतात. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात् १८५२ मीटर. तिचा सहस्रांश पावणेदोन मीटरांच्या किंचित् वर, म्हणजे सुमारें सहा फूट. कागदावर एवढी सूक्ष्मता दिसली तरी हातांतलें यंत्र तितकें सूक्ष्म नसतें. मोकळ्या आकाशाखालीं साधारण मोबाईल पांचेक मीटरच्या आंत खरें बोलतो. झाडी दाट असली किंवा शेजारीं उंच इमारत असली कीं तोही चांचरूं लागतो. ठेवणाऱ्याच्या यंत्राची चूक एका दिशेस आणि शोधणाऱ्याच्या यंत्राची नेमकी उलट दिशेस झाली, तर तीस-बत्तीस फुटांचा फरक सहज पडतो. तेवढ्या टापूंत पुढचें सर्व काम डोळ्यांचें, आणि मालकानें दिलेल्या एका ओळीच्या खुणेचें. ‘बुंध्याच्या उत्तरेस, चपट्या दगडाखालीं’ अशी ती खूण असते. एखाद्यानें डबी चपट्या दगडाखालून काढली आणि घाईघाईंत शेजारच्या गोल दगडाखालीं सरकविली, तर अंतर अवघें दोन हात पडलें; पण खूण खोटी झाली. पुढचा माणूस चपटा दगड उचलतो, खालीं कांहीं नाहीं. मग तो आजूबाजूचे दहा दगड उलथे पालथे करतो, शेवाळ खरवडतो, मुळ्या उकरतो. दैवयोगानें डबी मिळालीच तर तो ती आपल्या समजुतीप्रमाणें तिसऱ्याच ठिकाणीं ठेवतो. अशा दोन-दोन हातांनीं सरकत एखादी डबी वर्षभरांत ओढ्याच्या पलीकडे गेली तर नवल वाटूं नये.

ह्यांत झाडाझुडपांची जी नासाडी होते ती वेगळीच. उत्तर इंग्लंडांत शेतांच्या कडेनें चुन्यावांचून नुसते दगडावर दगड रचून केलेल्या भिंती मैलोगणती पसरल्या आहेत; कोंकणांत ज्याला गडगा म्हणतात तोच प्रकार. गडगा रचणें हें कसबाचें काम आहे. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांचा सांधा धरून बसविलेला असतो. मधला एक उपटला तर वरचे चार केव्हां तरी खालीं येणार. डबी जागेवर मिळाली नाहीं म्हणजे भिंतींतले दगड उपसून पाहण्याचा मोह शोधणाऱ्यांना होतो, आणि ज्या शेतकऱ्यानें उदारपणें आपल्या रानांतून जाऊं दिलें त्याच्या मेंढ्या दुसऱ्या दिवशीं शेजारच्याच्या शेतांत सांपडतात. म्हणून ब्रिटनमध्यें अशा गडग्यांत डब्या लपविण्यास खेळाच्या नियमांनींच मज्जाव केलेला आहे. जमिनीच्या मालकानें एकदां परवानगी काढून घेतली म्हणजे ती पुन्हा मिळत नाहीं. आणि ती परवानगी डबी ठेवणाऱ्यानें मिळविलेली असते, शोधणाऱ्यानें नव्हे.

तेव्हां पहिला शिष्टाचार डबी उचलण्याच्या आधींच सुरू होतो. तिचें तोंड कोणत्या बाजूस होतें, तिच्यावर किती दगड होते, ती उभी होती कीं आडवी, हें क्षणभर पाहून ठेवावें. मोबाईल हातांत असतोच. उचलण्यापूर्वीं एक छायाचित्र घेऊन ठेवणें ही अनुभवी मंडळींची जुनी युक्ति आहे. चार-पांच जण मिळून गेले असतील तर ज्यानें डबी काढली त्यानेंच ती परत ठेवावी. होतें असें कीं, काढतो एक, उघडतो दुसरा, नांवें तिसरा लिहितो, आणि सर्व जण निघाले म्हणजे मागें रेंगाळलेल्या चौथ्याच्या हातीं डबी राहते. बिचाऱ्यानें ती जागा पाहिलेलीच नसते.

विसराळू आणि घाईखोर माणसापेक्षां ह्या खेळांत अधिक अवघड प्रकरण म्हणजे सुधारणा करणारा माणूस. त्याला डबी सांपडते, आणि वाटतें कीं ही फारच उघड्यावर आहे, कोणीही पळवील. मग तो ती कपारींत आणखी आंत सारतो, किंवा हातभर उंच फांदीच्या बेचक्यांत बसवितो, वर पानें घालतो, काटक्या रचतो. हेतु चांगला. पण प्रत्येक डबीला शोधण्याची कठिणता आणि तेथवर पोंचण्याची कठिणता अशा दोन बाबींत एक ते पांचपर्यंत दर्जा दिलेला असतो. पोंचण्याच्या बाबतींत ज्या डबीला ‘एक’ असा दर्जा दिला आहे ती चाकांच्या खुर्चीवरून फिरणाऱ्यालाही गांठतां यावी अशी अपेक्षा असते. असा एखादा माणूस यादींतून निवडून निवडून अशा जागीं येतो, कारण बाकीच्या डोंगर-कपारी त्याला बंद असतात. सुधारकानें डबी हातभर वर चढविली, त्या हातभरानें त्याची सकाळ फुकट गेली. डबी दिसते आहे ती कदाचित् लहान मुलांना दिसावी म्हणूनच ठेवलेली असेल. मालकानें तिच्यामागें काय विचार केला आहे हें येणाऱ्याला ठाऊक नसतें. काटक्यांविषयीं तर असें कीं, रानांत काटक्या एकमेकींस समांतर पडत नाहींत. अशी नीट रचलेली मोळी कोणी पाहिली कीं खालीं कांहीं तरी आहे हें खेळ ठाऊक नसलेल्यालाही कळतें.

मग डबी खरोखरच उघड्यावर, वाटेच्या मधोमध पडलेली सांपडली तर? तशीच टाकून जावें असा ह्याचा अर्थ नव्हे. खुणेच्या ओळींत काय म्हटलें आहे तें पुन्हा वाचावें, जवळपास तिला साजेशी रिकामी कपार आहे का तें पाहावें, तींत ठेवून झांकावी, आणि आपण काय केलें तें त्याच दिवशीं मालकास कळवावें. डबी घरीं घेऊन जाणें मात्र कोणत्याही सबबीवर बरोबर नाहीं.

जागेइतकेंच महत्त्व झांकणाला आहे. डब्या नाना प्रकारच्या असतात. अमेरिकेंत बंदुकीच्या काडतुसांच्या जुन्या लष्करी पेट्या फार लोकप्रिय आहेत, कारण त्यांच्या झांकणाला आंतून रबराची पट्टी असते. कोठें जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा असतो, कोठें छायाचित्रांच्या फिल्मची जुनी डबी. आणि शहरांत बोटाच्या पेराएवढी, लोहचुंबकानें लोखंडी कठड्याला चिकटणारी चिमुकली डबी असते, तिच्यांत वहीऐवजीं कागदाची गुंडाळलेली पट्टी मावते. ह्या सर्वांचा वैरी एकच, पाणी. आंतली वही भिजूं नये म्हणून ती बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवींत घातलेली असते, आणि गंमत अशी कीं पुष्कळदां त्या पिशवीनेंच घात होतो. झांकण लावतांना पिशवीचा एक कोपरा कडेंत अडकतो. झांकण बसल्यासारखें वाटतें, पण त्या कोपऱ्याच्या सुरकुतींतून पाऊस थेंब थेंब आंत उतरतो, आणि झांकण घट्ट असल्यामुळें आंत शिरलेलें पाणी मात्र बाहेर पडत नाहीं. आठवड्याभरांत वहीचा लगदा होतो. लोणच्याच्या बरणीला दादरा कसा बांधतात हें ज्यांनीं घरांत पाहिलें आहे, किंवा कुकरची रिंग एका जागीं जरी दुमडली तरी वाफ कशी निसटते हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हें अधिक सांगावयास नको. पिशवी आधीं दुमडून, आंतली हवा काढून, पूर्ण आंत सारावी. कडेवरची माती बोटानें पुसावी. मग झांकण लावून एकदां सर्व बाजूंनीं बोट फिरवावें. एवढ्याला अर्धें मिनिटही लागत नाहीं. कागदाची पट्टी असेल तर ती घट्ट गुंडाळावी; सैल गुंडाळलेली पट्टी टोपणाच्या आट्यांत सांपडून फाटते, आणि तिच्याबरोबर आधींच्यांचीं नांवें फाटतात.

लिहावें पेन्सिलीनें. दमट हवेंत शाई पसरते, थंडींत पेन चालत नाहीं. वही ओली झालेली दिसली तर ती पुसून, शक्य तर थोडी वाळवून ठेवावी. भरली असेल तर एक कोरा कागद घडी करून ठेवण्यास कोणाची हरकत नसते. ह्याला मात्र सुधारणेचा दोष लागत नाहीं, कारण ह्यानें पुढच्याचा मार्ग बदलत नाहीं.

डबीच्या आंतल्या वस्तूंविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. घेतलें त्याच्या तोडीचें किंवा वरचढ ठेवावें, हा ह्या खेळाचा नियम आहे. तो पाळला गेला नाहीं म्हणजे आरंभीं ज्या डब्यांत गोट्या, चित्रें आणि लहानशीं खेळणीं असतात त्यांत वर्षभरानें बसचें तिकीट आणि गंजलेली टांचणी उरते. मोठ्यांना त्याचें कांहीं वाटत नाहीं. पण बापाबरोबर दोन मैल चालत आलेलें सात वर्षांचें मूल झांकण उघडतें तेव्हां तें आंकडे जुळले म्हणून आनंदत नाहीं. खाण्याच्या वस्तु, चाकू, काड्यापेटी, औषधें हीं ठेवूं नयेत. वासावर जनावरें येतात आणि डबी चावून टाकतात. कांहीं डब्यांत क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला लावलेली एखादी वस्तु असते. ती एका डबींतून दुसऱ्या डबींत प्रवास करावी म्हणून तिच्या धन्यानें सोडलेली असते. ती उचलावयाची तर पुढें नेऊन ठेवण्यासाठींच उचलावी. घरच्या कपाटांत राहून गेलेल्या अशा बिल्ल्यांची संख्या मोजली तर पुष्कळ सज्जनांना लाज वाटेल.

हें सर्व यथासांग केलें आणि परत ठेवतांना कोणी पाहत असलें, तर सारें व्यर्थ. हा खेळ न खेळणाऱ्यांना खेळाडूंनीं ‘मगल’ असें नांव दिलें आहे. हॅरी पॉटरच्या गोष्टींत जादू न जाणणाऱ्या माणसांसाठीं तो शब्द आहे, तेथून तो उचलला. नांवांत थोडी थट्टा आहे, ती बाजूस ठेवूं. पाहणाऱ्याला कुतूहल वाटलें तर तो डबी उचलून नेईल, हा एक धोका. दुसरा धोका त्याहून गंभीर आहे, आणि तो इंग्लंडमधील वेदर्बी ह्या गांवीं जुलै २०११ मध्यें प्रत्यक्ष घडला. भर वस्तींत एका फुलझाडांच्या पेटीखालीं एक लहान प्लॅस्टिकची डबी होती. कोणी एक शोधणारा तेथें वाकून कांहीं तरी करतांना लोकांना दिसला आणि त्यांना बाँबचा संशय आला. पोलिसांनीं रस्ता मोकळा केला, लष्कराचें बाँबनाशक पथक आलें, आणि ती निरुपद्रवी डबी स्फोटानें उडविण्यांत आली. दुकानदारांचा धंदा बुडाला, लोकांना घाबरून घराबाहेर काढावें लागलें, तें वेगळें. पोलिसांना ह्यांत दोष देतां येत नाहीं. शहरांत एखादा माणूस इकडे तिकडे पाहत खालीं वांकतो, कठड्याखालीं कांहीं सारतो आणि झरझर निघून जातो, हें पाहून कोणालाही जें वाटेल तेंच त्या लोकांना वाटलें.

म्हणून चोरटेपणा हा सावधपणा नव्हे. रहदारी असेल तर डबी घेऊन थोडें दूर बांकावर बसावें, स्वस्थपणें सही करावी, आणि वाट मोकळी झाली म्हणजे मग जाऊन ठेवावी. पांच मिनिटें थांबावें लागलें तर थांबावें. कोणी सरळ विचारलेंच तर सरळ सांगावें. पांढरपेशा गृहस्थानें झुडुपांत चष्मा हरवल्याचें नाटक करणें हास्यास्पद दिसतें, आणि खरें सांगितल्यानें कित्येकदां डबीला एक राखणदार मिळतो.

ह्या सर्वांहून निराळा, आणि विचार करण्यासारखा, असा एक दोष अलीकडे बराच वाढला आहे. समजा, इंग्लंडांत राहणारें एखादें मराठी कुटुंब रविवारीं सहलीस निघालें आहे. सहा डब्यांची यादी आहे; पांच सांपडल्या; सहावी कांहीं केल्या सांपडत नाहीं. पाऊस लागला आहे, मुलें कंटाळलीं आहेत. बापाच्या खिशांत एक फिल्मची रिकामी डबी आणि कागदाचा तुकडा आहे. तो म्हणतो, डबी हरवली असावी. मालकास त्रास नको. आपणच नवी ठेवूं, सही करूं, म्हणजे सहाही झाल्या. इंग्रजींत ह्याला थ्रोडाऊन म्हणतात. वरवर पाहतां हा परोपकारच आहे. पण मूळची डबी हरवली आहे हें त्याला कशावरून कळलें? त्याला ती सांपडली नाहीं, एवढेंच त्याला ठाऊक आहे. बहुधा ती तीन हातांवर आपल्या कपारींत सुखरूप असते. आतां एका जागीं दोन डब्या झाल्या. पुढचे कांहीं जण खरींत सही करतात, कांहीं खोटींत. खोटीची काळजी घेणारा कोणी नाहीं, कारण ठेवणारा केव्हांच घरीं गेला. आणि मालकाचा हिशेब कधींच जुळत नाहीं. मालकास आधीं विचारून, त्याच्या संमतीनें नवी डबी ठेवणें ही निराळी गोष्ट. तशी संमति नसतां ठेवलेली डबी ही सांपडली नाहीं हें कबूल न करण्याची एक युक्ति होय. त्या घरांतील मुलानें बापाकडून त्या दिवशीं खेळाबरोबर आणखी काय उचललें, ह्याचा विचार बापानेंच करावा. ‘सांपडली नाहीं’ अशी प्रांजळ नोंद मालकाच्या फार उपयोगाची असते. अशा दोन-तीन नोंदी लागोपाठ आल्या कीं तो स्वतः जाऊन पाहतो.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या बाजूसही अशा डब्या ठेवलेल्या आहेत, परंतु विरळ. एक गेली तर तिच्या शेजारीं दुसरी नाहीं. शिवाय आपला पाऊस इंग्लंडच्या भुरभुर पावसासारखा नव्हे; मे महिन्यांत अर्धवट लावलेलें झांकण जूनच्या पहिल्या आठवड्यांतच उघडें पडतें. आणि सह्याद्रींत हिंडतांना गडकोटांचे दगड कोणत्याही कारणानें हलवूं नयेत, हें ह्या खेळाच्या नियमांत नसतें तरीही पाळावें लागलें असतें. संरक्षित स्मारकांसाठीं १९५८ चा कायदाच आहे.

राहतां राहिली घरीं आल्यावरची नोंद. प्रत्येक डबीच्या नांवें संकेतस्थळावर शोधणारे आपला अभिप्राय लिहितात, आणि तोही परत ठेवण्याचाच एक भाग समजावयास हवा. डबी ‘तिसऱ्या पायरीखालीं’ मिळाली असें उत्साहानें लिहिलें, किंवा कपारीचें छायाचित्र लावलें, तर दगडाखालीं नीट झांकलेली डबी घरीं बसून उघडी केल्यासारखें झालें. उचलण्यापूर्वीं घेतलेलें तें छायाचित्र आपल्यापुरतेंच ठेवावें. उलट झांकणाला चीर गेली आहे, वही ओली आहे, शेजारचें झाड तोडलें आहे, असें कांहीं दिसलें असेल तर तें अवश्य लिहावें. नुसतें ‘सांपडली, आभारी आहे’ एवढ्या दोन शब्दांनीं मालकाला कांहींच कळत नाहीं. तो कदाचित् वीस मैलांवर राहत असेल, निवृत्त असेल, गुडघे दुखत असतील. कोणी चीर गेल्याचें लिहिलें तर तो पुढच्या रविवारीं नवें झांकण आणि कोरी वही पिशवींत घालून टेकडी चढतो. डबी काढतो, पुसतो, झांकण बदलतो, आणि त्याच चपट्या दगडाखालीं, तोंड त्याच बाजूस करून, ठेवून येतो.